दोन खिळे

सुपडू बिऱ्हाडे. आडनावातच बिऱ्हाड,
ते त्यानं एका रात्री पाठीवर घेतलं
आणि पॅसेंजरनं उधन्याला गेला.

कारण एक अर्ज.
त्याचं पहिलं लिखाण तेच म्हणायचं:
‘मे. मामलेदारसाहेब, अमळनेर.
बोरी आटली की आम्ही खालच्या अंगाला झिरा उकरतो.
वरच्या अंगाला बैल धुतात.
तरी विनंती की’
विनंतीच्या पुढचं कुणी वाचलं नाही.
आठवड्यात गिरणीवाल्यानं त्यांची ज्वारी परत धाडली,
दुकानातलं रॉकेल संपलं, फक्त त्यांच्यापुरतं.
दवंडी त्यांच्यातल्याच कोतवालाला पिटावी लागली.
शब्द माझ्या बापाचे.
मी ओट्यावर कळण्याची भाकर खात होतो.
ठेचा तिखट होता, एवढं आठवतं.

आम्ही एका वर्गात होतो. म्हणजे मी वर्गात,
तो उंबऱ्याबाहेर, गोणपाटावर.
तिथून त्याला माझी पाटी उलटी दिसायची.
तसाच शिकला, उलटं वाचून.
मला ती विद्या यायला पुढं वीस वर्षं लागली,
अमळनेरच्या छापखान्यात, खिळे जुळवताना.

एक दिवस टपालानं बाड आलं.
ताग्यांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलेलं,
कडांना मागाचं तेल.
‘आठे नळले पानी शे.
मन्ही तहान तठेच ऱ्हायनी.’
पानोपानी मन्ह, मन्हा, मन्ही.
आमच्या खणात अर्धा न इतका नव्हताच.
गाव सुटलेल्या माणसाला
‘माझं’ किती वेळा म्हणावं लागतं,
ते टाइप ओतणाऱ्याला कुठून ठाऊक असणार.
धुळ्याहून उसने आणले.

एकोणसाठाव्या पानावर दवंडी होती.
नाव होतं. तोताराम.
मी हात धुतले, चहा प्यालो, परत आलो.
तो काढून मो बसवला, ता काढून ती.
मोतीराम.
दोन खिळ्यांचं वजन ते किती.

प्रुफं परत आली, लाल शाईनं भरलेली.
एक वेलांटी त्यानं सोडली नव्हती.
एकोणसाठाव्या पानावर मात्र खाडाखोड नाही,
समासात, मोतीरामच्या शेजारी, एवढंच:
‘राहू द्या. तुम्हाला अजून गावात राहायचंय.’

तुम्हाला.
शाळेत तो मला कशीच हाक मारत नसे.

तीनशे प्रती निघाल्या. जुळणी सोडली,
खिळे आपापल्या खणात गेले.
त्यांतूनच लग्नपत्रिका निघाल्या, केळीच्या भावाची पत्रकं,
आणि चार वर्षांनी बापाच्या उत्तरकार्याचं कार्ड.
त्या वेळी तो आणि ता
जिथल्या तिथं बसले.

सुपडू तिकडंच वारला. मला उशिरा कळलं.
बोरी तापीला मिळते, तापी सुरतेला जाते.
म्हणजे उधन्याच्या त्याच्या नळाला
आमच्याही गावचं पाणी असणार थोडं.
म्हणजे तिथंही तो
खालच्याच अंगाला.

आता छापखाना नाही. शिसं भंगारात गेलं, किलोवर.
माझ्याकडं एसटीचा अर्ध्या तिकिटाचा पास आहे.
पारोळा, चोपडा, शिरपूर,
वाचनालय दिसलं की उतरतो.
पान काढतो, मोतीराम खोडतो,
वर बारीक अक्षरात खरं नाव लिहितो.
एकतीस झाल्या.
काही पुस्तकांची पानं फाडावी लागतात आधी,
म्हणजे उघडावी लागतात,
कडा चिकटलेल्याच असतात अजून.

परवा धरणगावला बाईंनी पकडलं.
पुस्तक खराब केल्याचा दंड, पन्नास रुपये.
पावतीपुस्तक उघडून म्हणाल्या,
नाव सांगा. पूर्ण.
पूर्ण म्हणजे मधलंही.

सांगितलं.
पंख्याचा आवाज होता, त्यांना ऐकू गेलं नाही.
दुसऱ्यांदा
मोठ्यानं सांगावं लागलं.